दाराला वाळ्याची ताटी

(मंगरूळपीरजवळचा भाजीचा मळा, सन १९३४. वैशाखातली दुपार. बाळंतिणीच्या खोलीचं मागचं दार.)

जगदेव : माय, बाजूले सर. दाराचं लिपण मले फोडू दे.

तुळसाबाई : हात नोको लावू. बाळंतिणीच्या खोलीत कोणी वारं घेते काय? तुयी बहीण हाय ते, काही तरी समज.

जगदेव : बहीण हाय म्हणूनच म्हणतो. तू दार लिपलं, बाजेखाली शेगडी ठेवली, अन् वरून हे ऊन. रंगू भाजून निघाली पुरी. आता मले विचारत होती, तुमी कोण म्हणून.

तुळसाबाई : तुयी बायको गिरजा वाऱ्यानंच गेली रे. तिच्या बाळंतपणात मी दार उघडं ठेवलं होतं. मले लय भेव वाटते.

जगदेव : गिरजा कायनं गेली, मले ठाव नाई. रंगू उन्हानं चालली, हे डोळ्यानं दिसून राह्यलं. वैदानं काय सांगतलं? शेगडी काढा, खोली थंड करा, नाई तर पोरगी आज रात काढत नाई.

तुळसाबाई : शेगडी काढ बाबा. पण दार उघडलं तर लू आत येईन ना?

जगदेव : ताटी लावतो दाराले. सायबाच्या बंगल्यावर मी ताटीवर पाणीच मारत होतो. बाहेर आग, अन् सायब आत कोट घालून बसे. त्यानं फेकलेली ताटी गोठ्यात पडली हाय.

तुळसाबाई : तिच्यात काय राह्यलं? कामट्या वाळवीनं खाल्ल्या, वाळ्याचा भुसा झाला.

जगदेव : सारं नवं घालतो. टोपल्यांसाठी आणलेल्या कामट्या दे. सुतळी माह्या बाजेची उसवतो. वाळा पाटाच्या कडेले हाय, तो मुळासकट खणतो.

तुळसाबाई : पाट फुटीन. सारे वांगे जातीन.

जगदेव : जाऊ दे.

तुळसाबाई : मंग जा, कुदळ घे. लेकरू शेजारच्या गोमतीबाईपाशी देतो. लिपण मीच केलं, मीच फोडतो.

जगदेव : (काही वेळानं, उघड्या दारात) घे, उभी केली ताटी. पण वाळा इतकाच निघाला, माय. वरचं अर्धं भरलं. खाली नुसत्या कामट्या.

तुळसाबाई : खालून झळा येऊन राह्यल्या. पोरीच्या अंगावरच येतेत.

जगदेव : काय लावू? पोते सारे भाजीसंग बाजारात गेले.

तुळसाबाई : मायं दुसरं लुगडं ओलं करून बांध.

जगदेव : बांधलं ना. वारा उडवून राह्यला, गाठ ठरत नाई. काय करू, माय? मले काही सुधरत नाई आता.

तुळसाबाई : सर तिकडं.

जगदेव : लुगडं लपेटून तिथं ताटीले टेकून काहून बसली?

तुळसाबाई : अंगावर असलं म्हणजे लुगडं उडत नाई. आण बादली. वाळ्यावर मार अन् माह्या पाठीवर मार.

जगदेव : ऊन उतरेपर्यंत बसशीन? पाठ सोलून निघीन तुयी.

तुळसाबाई : बोलत नोको बसू. वाळून राह्यलं, मार पाणी. अजून मार.

रंगूबाई : माय...

तुळसाबाई : हाय बाई. तुयापुढंच बसली हाय.

रंगूबाई : वारं लागून राह्यलं, माय.

तुळसाबाई : लागू दे, बाई. लागू दे.