तळव्याने ऐकलेली गाडी

मी मुरुडचा, कोळीवाड्यातला. नाव दामोदर, पण दामोदर मला फक्त मतदार यादीत म्हणतात, बाकी सगळ्यांचा मी दामू. बाप तांडेल होता, म्हणजे बोटीवर त्याचा शब्द शेवटचा, जाळं कुठं टाकायचं ते तो ठरवणार, आणि मी इंजिनावर. लोकांना वाटतं इंजिनावरचा माणूस कानाने काम करतो. तसं न्हाय. समुद्रावर वारा असतो, खलाशी ओरडत असतात, कानात काय शिरणार. बापाने मला सांगितलं, चप्पल काढ, फळीवर उभा राहा आणि पायाने ऐक. इंजिन बिघडायच्या आधी दोन दिवस फळी थरथरते वेगळी, ती तळव्याला कळते. तसं मला कळायचं. अजून कळतं. पुढे बाप गेला, आम्ही तीन भाऊ, बोटीचे तीन तुकडे करता येत न्हाईत म्हणून ती विकली, आणि मी चाकावर आलो. आधी टेम्पो, मग सरांची गाडी.

सर म्हणजे आमच्याकडच्या शाळेचे हेडमास्तर, रिटायर झालेले, आणि बाई त्यांच्या मिसेस, त्या पण शिक्षिका, गणिताच्या. समुद्राच्या बाजूला त्यांची नारळ-सुपारीची वाडी. मुलगा एकच, सुहासभाऊ, पुण्याला मोठ्या नोकरीत. सरांच्या पंच्याहत्तरीला सुहासभाऊने ही गाडी दिली, हायब्रीड. काय तो समारंभ सांगू तुम्हाला, वाडीत मांडव, गाडीला लाल फीत, माझ्याएवढी मोठी पुठ्ठ्याची चावी, आणि भाषणाला एक पुढारी. तो बोलला ही गाडी पेट्रोलशिवाय चालते, आता सगळ्या तालुक्याने हिचा आदर्श घ्यावा. मी मागे उभा होतो, सकाळीच टाकी भरून आणली होती, पण मला कोणी विचारलं न्हाय. मग फोटो काढताना पुठ्ठ्याची चावी सरांच्या हातून पडली आणि पुढाऱ्याच्या बुटावर पडली, तेवढाच कार्यक्रम मला आवडला.

गाडी अशी, की पुढे पेट्रोलचं इंजिन आणि मागच्या सीटखाली मोठी बॅटरी. हळू चालवली की इंजिन झोपतं, गाडी बॅटरीवर जाते, आवाज न्हाय. ब्रेक मारला, उतार लागला, की बॅटरी परत भरते. पहिले आठ दिवस मी घाबरलो. चावी फिरवली, म्हणजे चावी पण न्हाय, बटण, ते दाबलं तर काहीच होईना. मी सरांना बोललो बिघडली. सर बोलले अरे चालू आहे. मी चप्पल काढली, पाय ठेवला, तळव्याला काही न्हाय. चालू आहे आणि काही न्हाय, असलं इंजिन मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पण मग सवय लागली, आणि सवय काय, चटक लागली. काशिद सोडून मुरुडकडे येताना रस्ता समुद्राला चिकटतो ना, तिथं सर पेपर खाली ठेवायचे आणि बोलायचे, दामू, झोपव त्याला. मी पाय हलका करायचो, इंजिन झोपायचं, काचा खाली, आणि नुसता समुद्र. मागे सर आणि बाई, कोणी बोलत न्हाय. रस्त्यात कोंबड्या पण हलायच्या न्हाईत, त्यांना कळायचंच न्हाय गाडी आली ते. माझा बाप इंजिन येण्याआधी शिडाच्या होडीवर होता, तो सांगायचा शिडावर असताना पाण्याचं बोलणं ऐकू यायचं, इंजिन आलं आणि ते गेलं. मला वाटायचं तो आपलं म्हातारपणाचं काहीतरी बोलतोय. ते मला त्या गाडीत कळलं. अजून डोळे मिटले की तो रस्ता दिसतो, आणि सरांचा पेपर दुमडायचा आवाज येतो.

तर आमची गाडी म्हणजे खारा वारा, वाळू, मागे कधी सुपारीची गोण, कधी सोललेले नारळ. बाईंना सीटची काळजी. त्यांनी शाळेत नेसायच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवली, मागच्या सीटच्या मापाची, आणि ती घालायची कशी तर चारी बाजूंनी आत खोचून, एक सुरकुती दिसता कामा न्हाय. सीटच्या बाजूला पंजाएवढी एक काळी जाळी होती. मी सरांना विचारलं ही कशाला. सर बोलले, रेडिओची असेल, झाक, मला मागे बसून गाणी ऐकायची नाहीत. हेडमास्तरच बोलले म्हटल्यावर मी कोण. झाकली. रोज सकाळी गोधडी झटकून मीच परत खोचायचो, आठ वर्षं.

चार वर्षांपूर्वी सर गेले. बाईंचे गुडघे तेव्हा धरलेलेच होते, दर गुरुवारी अलिबागला डॉक्टरांकडे न्यायला लागायचं. सुहासभाऊ बोलला आई पुण्याला चल. बाई बोलल्या न्हाय. बरेच दिवस ते चाललं, मग त्याने एक ठरवलं, की गाडी धड आहे आणि दामूकाका आहे तोवर राहा, गाडीने दगा दिला त्या दिवशी मी न्यायला येणार. बाई उठून चहा टाकायला आत गेल्या. मी तिथंच उभा होतो, सुपाऱ्या निवडत. तेव्हापासून गाडी जरा खोकली तरी मी बोनेट उघडून बघायचो.

आणि दुखणं सुरू झालं. पहिलं मला तळव्याने कळलं. आधी वाडीच्या फाटकातून निघालं की बाजारापर्यंत इंजिन झोपलेलं असायचं, मग ते शाळेपाशी जागं व्हायला लागलं, मग देवळापाशी, मग फाटकातच. मग समोरच्या पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या. आधी काशिदचा उतार अख्खा उतरेपर्यंत त्या सावकाश भरायच्या, आता पहिल्याच वळणावर भरून जातात, आणि खाली सपाटीला आलं की लगेच रिकाम्या. भांडं फुटकं न्हाय, भांडं लहान झालंय, असं समजा, लवकर भरतं, लवकर संपतं. पेट्रोल जास्त जायला लागलं. आणि मागून एक पंखा घोंगावायला लागला, उन्हात तर इतका की बाई एकदा बोलल्या, हे अगदी आपल्या सरांसारखं घोरतंय. मी हसलो. हसायला येत नव्हतं.

मला कळत होतं काय ते. मी सांगितलं न्हाय. उलट मी गाडीची चाकरी सुरू केली. सकाळी सातला निघायचं, ऊन व्हायच्या आत. एसी बंद. बाईंना बोललो एसीने गुडघे जास्त दुखतात. कोर्लईला शहाळं प्यायला थांबायचं, बाईंना नको असलं तरी, तेवढीच बॅटरी निवते. चढणीला आधीच जोर घ्यायचा. आठ महिने असं चालवलं. बायको बोलली, एवढी सेवा माझी केली असती तर मी तुला सोन्याने मढवलं असतं. मी बोललो बाईंसाठी करतोय. खरं सांगू, बाईंसाठी होतं, पण थोडं माझ्यासाठी पण होतं. बाई पुण्याला गेल्या तर मी पण उतरणार होतो त्या गाडीतून.

मग तो गुरुवार. अलिबागहून परत येताना काशिदच्या चढणीवर पडद्यावर त्रिकोण पेटला, लाल, आणि गाडीचा जीवच गेला. पाय दाबतोय आणि ती रांगतेय. मागे एसटी, एसटीच्या मागे डंपर, वळण आंधळं. एसटीने हॉर्न मारला आणि एवढ्या अंगावर आली की आरशात मला तिची नुसती जाळी दिसत होती. बाई मागे, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. कशीबशी कडेला घेतली. चाळीस वर्षं माझं इंजिन, माझी गाडी, कधी माणूस धोक्यात आला न्हाय, आणि आला तो मी गप्प बसलो म्हणून.

इरफानला फोन केला. मुरुडचा पोरगा, मुंबईत असल्या गाड्यांचं काम शिकून आलेला, आता इथंच गॅरेज हाय त्याचं. तो आला, लॅपटॉप लावला, मग मागचं दार उघडून बसला आणि गोधडी उचलून बोलला, चाचा, ये क्या है. मी बोललो रेडिओची जाळी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं. बोलला, चाचा, हे बॅटरीचं नाक आहे, इथून ती गार हवा घेते, हे बंद झालं की तापून तिचे सेल मरतात. जाळी काढली तर आत वाळू, नारळाच्या काथ्याचे तंतू, आणि धाग्यांचा गोळा, निळा, पिवळा, काठाचा लाल. बाईंनी तो हातात घेतला. आपल्या साड्या त्यांनी ओळखल्या. लाल धागा बोटाला गुंडाळला आणि बोलल्या, म्हणजे आठ वर्षं मी हिच्या नाकावर उशी धरून बसले होते.

तेव्हा मी सगळं सांगितलं. पट्ट्या, पंखा, शहाळं, एसी, सगळं, रस्त्याच्या कडेला उभा राहून. बाई बोलल्या, एसीचं ऐकून मला वाटलंच होतं की हा खोटं बोलतोय, मला वाटलं तुझ्या घरी काही झालंय, म्हणून विचारलं नाही. मग चष्मा काढला, पुसला, आणि बोलल्या, दामू, मी राहायचं की जायचं हे सुहासने गाडीवर सोडलं आणि तू पण गाडीवरच सोडलंस, मला दोघांनीही विचारलं नाही. आवाज चढवला न्हाय. चढवला असता तर बरं झालं असतं.

मुलाला फोन बाईंनीच केला. सुहासभाऊ शनिवारी आला, रिकाम्या बॅगा घेऊन. ओटीवर बसला, गाडीकडे बोट दाखवून बोलला, आई, आपलं ठरलं होतं. बाई बोलल्या, तुझं ठरलं होतं. गाडी म्हातारी झाली ते खरं, मी पण झाले, पण मी अजून बोलते, तेवढा फरक धर. तो बोलला गुरुवारी डॉक्टरकडे कशी जाशील. बाई बोलल्या, सगळं गाव जातं तशी. मी खांबाला टेकून उभा होतो. सुहासभाऊने माझ्याकडे पाहिलं, की काका, तुम्ही सांगा. मी बोललो, यात मी पुन्हा पडणार न्हाय. चहा झाला. रविवारी तो गेला. बॅगा भरून गेला, पण नारळांनी.

गाडी बाईंनी इरफानला देऊन टाकली, बोलल्या, माझं राहणं पुन्हा हिच्यावर टांगायचं नाही. त्याने मेलेले सेल बदलले, आता ती पर्यटकांना फिरवते, काचा वर करून, आत मोठ्याने गाणी. समोरून आली की मी बघतो, ती ओळख दाखवत न्हाय.

आता गुरुवारी बाई एसटीने जातात. मी बरोबर जातो, मला कोणी सांगितलेलं न्हाय. पायरी उंच असते, खालून हात द्यायला माणूस लागतो. बाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात आणि त्याला वळणावर हळू घे म्हणून सांगतात, आणि तो घेतो हळू, निम्म्या ड्रायव्हरांचं गणित त्यांनीच घेतलंय. परवा नवीन कंडक्टर होता. बाईंना वयामुळे तिकीट माफ. मला बोलला, तुम्ही यांचे कोण? मी बोललो, ड्रायव्हर. त्याने पुढे स्टिअरिंगवरच्या माणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पूर्ण तिकीट फाडलं.

असं हाय. बाईंचे गुडघे चालत राहोत आणि एसटी वेळेवर येवो. यातलं दुसरं होणार न्हाय ते मला ठाऊक हाय, पण मागायला काय जातं.