शेवटचं एकच पान

...नाही, पण मला एक सांगा, झोपलेलं अस्वल काढायला असं काय लागतं हो? डोळे मिटवायचे, झालं! पण नाही! माझ्या अस्वलाचे डोळे मिटले की ते झोपलेलं वाटत नाही, गेलेलं वाटतं. हे मी नाही म्हणत, संपादकबाई म्हणतात. "अहो, मुलांचं पुस्तक आहे, शेवटच्या पानावर शोकसभा नकोय मला!"

तुम्हाला सांगतो, मी चित्रकार. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. म्हणजे, काढायला घेतो. हे पुस्तक एका अस्वलाचं, त्याला काही केल्या झोप येत नाही. सगळी पानं झाली, राहिलं ते शेवटचं एकच, जिथे ते एकदाचं झोपतं. आणि त्या एका पानासाठी बाईंनी तारीख पुढे ढकलली, परत ढकलली, परत ढकलली, आणि काल फोन केला, "उद्या पाचला मी स्वतः येते. पान तयार नसेल तर आख्खं पुस्तक पट्टीवाल्याकडे." पट्टीवाला म्हणजे दुसरा चित्रकार. झाडसुद्धा पट्टी लावून काढतो मेला, पण वेळेवर देतो! आणि मुखपृष्ठावर माझं नाव येणारं हे पहिलंच पुस्तक. मुलीनं शाळेत आख्ख्या वर्गाला सांगून ठेवलंय. आता तिथे पट्टीवाल्याचं नाव आलं तर त्या पोरीनं काय करायचं?

तुम्ही म्हणाल, आळशी आहे. म्हणा! सगळेच म्हणतात. पण आळशी माणूस दमत नाही हो. मी दमतो. संध्याकाळ झाली की अंगात त्राण राहत नाही, आणि दिवसभर काय केलं विचाराल तर... दाखवायला काही नाही. म्हणून बायकोनं डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या अर्धा तास बोलल्या. पण त्यांच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता हो! माझं सगळं लक्ष तिकडे. शेवटी म्हटलं, "जरा उठता का?" आणि घट्ट केला स्क्रू, खिशातल्या नाण्यानं. बाई बसल्या, हलून बघितलं, म्हणाल्या, "मला निदान करायला आणखी काही नको." मग समजावलं, की लक्ष कमी नाहीये तुमचं, भरपूर आहे, फक्त एका जागी टिकत नाही. काम करताना शेजारी कुणालातरी बसवा. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं.

तर बायकोनं बसवलं. कुणाला? स्वतःच्या आईला! म्हणजे माझ्या सासूबाई. आयुष्य शाळेत गेलं, आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणाला त्या आहेत असं कळलं की पोरं आदल्या दिवशीच तापायची म्हणे. बायकोनं माझा फोन पर्समध्ये टाकला, "आई, याला उठू देऊ नकोस," म्हणाली, आणि गेली कामावर. सासूबाई खुर्ची ओढून दाराशी बसल्या. लोकरीचा गुंडा काढला, सुया काढल्या, घड्याळाकडे बघितलं. "जावईबापू, सुरू करा."

केलं! खरंच केलं! काढलं अस्वल, आणि पाय वर आले, परत गेल्यासारखं दिसायला लागलं, म्हटलं पाय खोडू. खोडरबर नाही. "आई, आतल्या खोलीतून आणतो हां." "दोन मिनिटं," म्हणाल्या.

आता खोडरबर होता खणात, आणि खण अडकत होता. कधीचा अडकतोय! म्हटलं, बाहेर काढून एकदा बघू, तर एका बाजूची पट्टीच सुटलेली. पाना-पेचकस आणायला हत्यारांची पेटी उघडली, तर तिच्यात बासरी! मी शोधत होतो हो ती! बासरी शिकत होतो मी, मधमाश्या पाळायच्या आधी आणि पुस्तकबांधणीच्या नंतर. म्हटलं, आवाज आहे का अजून? फुंकली. नुसती एकदा... बरं, चार-पाच वेळा. आणि बाहेरून हाक, "जावईबापू! परीक्षा चालू आहे!" धावत आलो. हातात बासरी, काखेत खण. आणि उठलो होतो कशाला? तर खोडरबर आणायला!

परत पाठवलं. या वेळी आणला! सरळ गेलो, सरळ आलो, माझी मलाच छाती फुगल्यासारखी झाली. बसलो. खोडले पाय. आणि मान वर केली, तर समोर सासूबाईंच्या सुया. खट, खट, खट... लोकर त्या सुईवरून या सुईवर, मध्येच एक टाका मागून, आणि त्याची आपोआप नक्षी! आता बघा, बघायचं नव्हतं मला. पण तो टाका मागून का? विचारलं. "समोर बघा," म्हणाल्या. बघितलं. पण डोक्यात तेच, मागून का? मागून का? परत विचारलं. आणि तुम्हाला सांगतो, शिक्षिकेला सगळं सहन होतं, पण विचारलेला प्रश्न बिनउत्तराचा राहिलेला सहन होत नाही! "अहो, तो उलटा टाका. आणा हात इकडे."

संपलं! खुर्च्या जवळ आल्या. "सैल धरा... इतकं सैल नाही... अहो, लोकर आहे ती, गळा नाही आवळायचा!" मला उलटा आला, सुलटा आला, मग गोल विणणं आलं, मग सासूबाई म्हणाल्या, "टोपी जमेल तुम्हाला," आणि आम्ही दोघं टोपीला लागलो. पहाऱ्यावर बसवलेला माणूसच सामील! सासूबाईंनी तर मला शाबासकी दिली हो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिली शाबासकी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. टोपी झाली, गोंडासुद्धा लावला, दोघांनी आळीपाळीनं घालून बघितली... आणि सासूबाईंची नजर घड्याळाकडे गेली.

सव्वाचार!

"अहो जावईबापू, पेपर कोराय!" त्यांचा आवाज असा फुटला की मी सुयाच पाडल्या. "मी काय तोंड दाखवू मुलीला?" म्हणजे बघा, नापास मी होणार आणि रडवेल्या सासूबाई! आणि तेवढ्यात बेल. संपादकबाई. लवकर आल्या! त्यांनी टेबल बघितलं. पाय नसलेलं अस्वल बघितलं. लोकर बघितली, सासूबाईंच्या डोक्यावरची टोपी बघितली. मी म्हटलं, "सांगतो, म्हणजे मी फक्त खोडरबर आणायला..." "सांगू नका," म्हणाल्या. "मी इथून हलत नाही. काढा."

एकीकडे सासूबाई, एकीकडे संपादकबाई. मध्ये मी! पळायला जागाच नाही. आणि कसं कोण जाणे, हात चालायला लागला. डोकं गप्प. तुम्हाला कल्पना नाही हो, माझं डोकं गप्प बसलं की किती बरं वाटतं. कागद तेवढा दिसत होता, दुसरं काही नाही. कुशीवर वळलेलं अस्वल, उशीखाली एक पंजा, आणि डोक्यावर टोपी, कानावर ओढलेली, टाका न् टाका दिसणारी... आता मला माहीत होता ना टाका! रंग भरला, ब्रश ठेवला.

मग संपादकबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "झोपलं हो..." सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, सुटलो! वाटलं, धावत शाळेत जावं आणि पोरीला सांगावं, तुझा बाप एक काम पुरं करू शकतो! संपादकबाईंनी मागची पानं उचलली, एक उलटलं, दुसरं उलटलं, आणि थांबल्या.

"यात टोपी कुठाय?"

"अं?"

"अस्वल घरभर फिरतंय, डोंगर चढतंय, तळ्यात पडतंय. बोडकं! आणि झोपताना टोपी आली कुठून?"

म्हटलं, "काढून टाकतो! बिनटोपीचं करतो!" "खबरदार!" बाई ओरडल्या. "टोपीमुळेच तर झोपलंय ते. टोपी राहणार. बाकीच्या पानांवर घाला." अहो, जलरंग आहेत ते! वरून टोपी बसत नाही, प्रत्येक अस्वल पहिल्यापासून काढायचं! पण त्या उठल्यासुद्धा. दारातून म्हणाल्या, "पुस्तक तुमचंच. पट्टीवाल्याला असली टोपी सात जन्मांत सुचणार नाही. सोमवारी येते."

मी आणि सासूबाई बसून राहिलो. थोड्या वेळानं बायको आली, पर्स ठेवली, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भीत भीत विचारलं, "झालं का रे?"

म्हटलं, "झालं. सकाळी एकच पान राहिलं होतं ना? आता तेवढं एक सोडून सगळी राहिलीयत."