कोरडे टॉवेल

ताई : ते नको, तुझ्या रिपोर्टचं पुढचं पान बघ. वर्षभरात वजन चौदा किलोंनी वाढलं, बरोबर?

धाकटा : सरांनीच सांगितलं होतं. रग्बीत पुढच्या फळीत उभं राहायचं तर अंगात भार हवा म्हणाले.

ताई : भार आला की. पण त्यातली बारा किलो चरबी आहे. स्नायू जेमतेम दोन किलो.

धाकटा : वजन ते वजन. हाडाला काय कळतंय वर काय लादलंय ते?

ताई : मी रोज दवाखान्यात मोडक्या पायांना चालायला लावते, मला नको शिकवूस. स्नायू हाडाला धरून असतो. तो ओढतो, ताणतो, तेव्हा हाड घट्ट होतं. चरबी नुसती बसून खाते. तुझी नडगी होती तेवढीच राहिली आणि वर चौदा किलो चढले.

धाकटा : म्हणून मोडली?

ताई : तसं छातीठोक कुणीच सांगणार नाही. पण वर्षभर तू वजनं उचलली असतीस तर हा कागद असा दिसला नसता. जिमला जात होतास ना?

धाकटा : पाणी दे ना जरा.

ताई : विषय बदलू नकोस.

धाकटा : गेलो ना. दोन महिने.

ताई : आणि मग?

धाकटा : काटा वर चढत होता, सर पाठ थोपटत होते. खाऊनच चढतंय तर घाम कशाला गाळायचा, असं वाटलं.

ताई : मग रोज संध्याकाळी बॅग अडकवून जायचास कुठे?

धाकटा : कोपऱ्यावरच्या बेकरीत.

ताई : तरीच टॉवेल कोरडे असायचे! आणि मी येडी ते रोज धुवत बसले.

धाकटा : हस तू.

ताई : हसत नाहीये. खरं सांग, तुला पाडणारा तो पोरगा मागून आला होता का?

धाकटा : ताई, आता तो विषय...

ताई : मागून आला, पाय मोडायच्याच इराद्याने आला, असं तू सांगितलंस. मी तक्रारीत शब्दाला शब्द लिहिला. त्याला वर्षभर मैदानाबाहेर बसवलंय.

धाकटा : समोरून आला.

ताई : काय?

धाकटा : समोरून. कमरेला धरलं, अगदी नियमात. मी माझ्याच वजनाखाली पडलो, पाय खाली अडकला. काडकन वाजलं. एवढा मोठा गडी मी, आणि त्या हडकुळ्याने आडवा केला. सगळे बघत होते. लाज वाटली गं. तोंडातून निघून गेलं.

ताई : मैदानात निघून गेलं, समजू शकते. पण चौकशीत?

धाकटा : तिथे तू शेजारी होतीस. माझ्यासाठी भांडत होतीस. मागे फिरता येईना.

ताई : मी त्याला तोंडावर गुंड म्हटलं रे. एक शब्द उलटून बोलला नाही तो. खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

धाकटा : तुला कसं सांगू...

ताई : आता मला नको सांगूस. चौकशी समितीला पत्र लिहू, सही तुझी. आधी त्याला फोन कर.

धाकटा : उद्या करतो. नक्की.

ताई : आत्ता. माझ्यासमोर.

(ती नंबर लावून फोन त्याच्या हातात देते.)

समोरचा : हॅलो?

धाकटा : मी बोलतोय. तो... पाय मोडलेला.

समोरचा : ओळखला आवाज. कसा आहे पाय?

धाकटा : पायाचं राहू दे. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो.

समोरचा : परत बोल.

धाकटा : खोटं बोललो मी. समितीला लिहून देतोय मी. शिव्या घाल हवं तर.

समोरचा : मी काय केलं, काय नाही, ते मला ठाऊकच होतं रे. पण घरी कुणाला पटत नव्हतं.

धाकटा : चुकलो मी.

समोरचा : थांब, ठेवू नकोस. आई इथेच बसलीय. तिला सांगशील?