कोल्हापूर ते व्हाइटफील्ड

बंगळूरच्या ट्रॅफिकला शिव्या देण्यात मी कुणाला हार जात नाही. पण एकदा मात्र तो आणखी तुंबावा असं मला वाटलं होतं.

माझी बायको सुनीता गेल्यानंतर सासूबाई पहिल्यांदाच इकडे आल्या. कोल्हापूरहून, विमानाने, एकट्या. विमानतळावरून व्हाइटफील्डला घरी जायला टॅक्सीत बसताच म्हणाल्या, "अहो, जरा डोळा लागतोय तोवर उतरा म्हणाले की! एवढं जवळ आहे बंगळूर?"

"विमानाने दीडेक तास, आई."

त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुनी तर लांब पडतं म्हणायची. दिवाळीलासुद्धा आली नाही. तिला यायचंच नव्हतं का हो?"

नोकरी, रजा, सगळी कारणं खरी होती. पण दीड तासापुढे एकही टिकेना.

हेब्बाळला गाडी अडकली, के. आर. पुरमला पुन्हा अडकली. महादेवपुऱ्यात ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं.

"रोज असंच?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज. ऑफिसातून घरी येईपर्यंत तिचा जीव जायचा."

"आणि त्यात विमानतळ गाठायचं," त्या म्हणाल्या. "लांबच की हो! दमत असेल पोरगी." पदराने डोळे टिपून त्यांनी पहिल्यांदाच सीटला पाठ टेकवली.

तेवढ्यात ड्रायव्हर वळून म्हणाला, "सर, आतल्या गल्लीतून काढू का? लगेच पोहोचू."

"नको," मी म्हणालो. "मेन रोडनेच चला."