वाचल्याशिवाय छिन्नी नाही

बसा म्हटलेलं नाही मी – आणि त्या दगडाला टेकू तर मुळीच नका, सरका इकडे. हं. तुमच्या उपचार केंद्राच्या फलकावर काय कोरायचंय म्हणालात? 'या केंद्रामुळे परिसरातील हृदयविकार व पक्षाघाताचे मृत्यू निम्म्यावर आले.' वा! आणि हे कोरायला सगळ्या गावात तुम्हाला मीच सापडलो? थडग्यांचे दगड कोरतो हो मी, बापजन्मात दुसरं काही केलेलं नाही. मृत्यू निम्म्यावर म्हणजे माझी चूल निम्म्यावर – हे धरलंय का तुमच्या आकड्यात? कसं धरणार! तुमचं केंद्र व्हायच्या आधी या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, आता बघा, मांजर ऐसपैस लोळतंय. नाही नाही, लोकांनी मरावं असं नाही म्हणत मी. म्हणजे – म्हणतो कधीकधी. तोंडावर सांगतो, मागून नाही.

पैशांचं नका काढू, अडचण वेगळी आहे. दगडाला खोडरबर नसतं, साहेब. म्हणून आमच्या घरची पद्धत – बायको मजकूर मोठ्याने वाचणार, शब्दन् शब्द, तो कानाला बरोबर लागला की मग मी छिन्नी लावणार. लग्न झाल्यापासून हेच. आवाज असा खणखणीत की, अगं हळू, गिऱ्हाईक उठून बसेल, असं मी चिडवायचो. कुठे म्हणजे? आत आहे, खिडकीपाशी. तुमच्याच केंद्रातून आलेली आहे ती. कपडे वाळत घालता घालता पडली, तोंड वाकडं झालं, तुमची गाडी लगेच आली – खोटं कशाला बोलू? – आणि मेंदूतली गुठळी काढलीत तुम्ही. वाचली. उजवा हात गेला आणि वाचा गेली, पण वाचली. एकच शब्द उरलाय. कुठला ते विचारू नका.

बोलायला शिकवणारी एक बाई यायची तुमच्याकडून. गुणी पोर. हिचा हात हातात घेऊन 'आ' म्हणवून घ्यायची, ही घामाघूम व्हायची, पण प्रयत्न करायची. मग ती यायची बंद झाली. का, तर माणसं कमी आहेत. माणसं कमी, पण फलक हवा! मेली नाही ना, झालं तुमचं काम. दिवसभर भिंतीकडे बघत मुकी बसते, तो आकडा कुठल्या फलकावर मांडता?

अहो, त्या दगडाला हात लावू – उलटा करू नका म्हणतो ना!

… वाचलंत. बरं झालं. हो, तिचंच नाव. ती तुमच्याकडे पडून होती तेव्हा तुमचे डॉक्टर म्हणाले, फार आशा ठेवू नका. घरी आलो. लोक रडतात, देवाला साकडं घालतात – मला दुसरं येतं काय? घरातला सगळ्यात चांगला दगड काढला. नाव कोरलं, साल कोरलं. तिने वाचून न दाखवता कोरलेला पहिला दगड, आणि तोच चुकला. ती परत आली त्या आनंदात लपवायचा राहिला हो! काठी टेकत अंगणात आली, डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरवलं, शेवटपर्यंत फिरवलं, आणि म्हणाली, 'नको.' तोच तो शब्द. पाणी दिलं तरी नको, उशी दिली तरी नको, मी जवळ बसलो तरी –

या तुम्ही. कागद घेऊन जा. त्या पोरीला परत पाठवा, आणि ज्या दिवशी आमची ही तुमची ओळ मोठ्याने वाचेल त्या दिवशी फुकट कोरून देईन. तोवर दुसरा बघा, यंत्राने कोरणारे पुष्कळ आहेत. काय? फोडून का नाही टाकला? तुम्हाला काय करायचंय! भिंतीकडे तोंड करून ठेवा तो, होता तसा. अहो, सावकाश – कोपरा उडेल! … हं. निघा आता.