डावा डोळा

"दृष्टी गेली रे. तू लिही, नात वाचून दाखवेल." जुना मित्र अवधूतच्या या पत्राला आठ महिने झाले, तरी काय लिहावं ते अण्णांना सुचलं नव्हतं. परळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते नंबराची वाट बघत होते. मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होती.

"बाबा, संध्या इथे करताय?"

"ऑपरेशनआधी इंद्रियांना हात लावून घेतो. ओठांना, वाक् वाक्."

"लोक बघतायत!"

"बघू देत. डोळ्यांना, चक्षुः…"

"का थांबलात?"

"हात एवढा वर जात नाही गं."

"थांबा, मी लावते. झालं?"

"डावा राहिला."

"तो कधीच गेलाय, बाबा."

"म्हणून त्याला वगळायचं होय?"

अण्णांचा नंबर पुकारला, तेव्हा ते समोरच्या पोस्टात अवधूतला नुकतंच लिहिलेलं चार ओळींचं उत्तर पेटीत टाकत होते.