केजला गेलेलं गिऱ्हाईक

खोटं वाटेल, पण लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलमधली, म्हणजे गाभ्यातली, चूक आमच्या बीडच्या एसटीडी बूथवाल्या शिवलिंगअप्पांनी पकडली! त्यांच्याच फोनवरून मी इंटरनेट लावायचो. मित्रानं त्यातल्या सॉकेटच्या, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या, कोडात केलेला बदल तपासत बसलो होतो. अप्पा म्हणाले, "काय हाय बे त्यात?"

म्हटलं, "प्रोग्राम काम सांगून मोकळा होतो. काम झालं की कर्नेल त्याला हाक मारतो."

"आपल्या बूथावानीच की! पन गिऱ्हाईक नंबर देऊन निघून गेलं तर?"

कोड बघितला. प्रोग्राम आधीच बंद झाला तर काय, तेच लिहायचं राहिलं होतं!

"असं होतं का अप्पा?"

"एक जण चहाला म्हनून गेला, अन् केजला जायच्या जीपमधी बसला. इकडं नंबर लागला. पोरीचा बाप इचारतोय, 'पसंत हाय का?' मीच हो म्हनलं."

"मग?"

"पत्रिका छापल्यावर कळलं, त्यो नकार कळवायला आलता!"